भोंगा मोठ्यांसाठीही

‘डॉक्टर, पोराचे मोबाइलचे वेड सोडवा,’ म्हणत आलेल्या वडिलांनी तपासणी चालू असताना स्वतःचा फोन तीनदा काढून पाहिला. गोळी कोणाला द्यावी?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी ७ ला भोंगा वाजवून ८.३० पर्यंत मोबाइल-टीव्ही बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. मला आवडले ते हे, की बंदी मोठ्यांनाही होती.

डोळ्यांची चुरचुर, मानदुखी, रात्री एकपर्यंत जागरण, शाळेत डुलक्या. या मुलाला औषध नकोच होते. झोपण्याआधी तासभर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात ठेवा, असे सांगितले.

‘धंद्याचे फोन येतात हो,’ वडील म्हणाले. येतातच. मलाही रात्री-अपरात्री रुग्णांचे येतात. घंटी दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येते.