चारशे सात आणि १९९१ची दंतकथा

१/ १९९१पूर्वी भारतीय वाहन उद्योगास स्पर्धा ठाऊकच नव्हती, हे विधान हल्ली इतिहास म्हणून सर्रास सांगितले जाते. मोटारगाड्यांपुरते, मारुतीचा अपवाद वगळता, ते बव्हंशी खरे आहे. हलक्या मालट्रकांपुरते मात्र ते साफ खोटे आहे. त्याचा पुरावा म्हणजे टाटा ४०७.

२/ पनवेल तालुक्यातील नेरे घ्या. अशा गावांना महामार्गावरचा अवजड ट्रक नको असतो. अरुंद रस्त्यावर वळेल आणि भाजीपासून विटांपर्यंत दोन-अडीच टन माल नेईल, असे वाहन हवे असते. लोक त्याला ‘टेम्पो’ म्हणतात. हा शब्द मूळचा हॅम्बुर्गच्या कंपनीचा. बजाज टेम्पोच्या तीनचाकीमुळे तो मराठीत रुळला.

३/ १९८०च्या दशकाच्या प्रारंभी केंद्र सरकारने याच वर्गासाठी चार जपानी सहयोगांना परवानगी दिली : डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा आणि ऑल्विन-निसान. एकाच बाजारपेठेत जपानच्या चार नामांकित कंपन्या! यास स्पर्धा म्हणायचे नाही, तर कशास?

४/ टेल्कोने सहयोगी शोधला नाही. मर्सिडीज-बेंझशी १९५४मध्ये झालेला तिचा करार १९६९मध्ये संपला होता. पण त्याआधीच, १९६६मध्ये, पुण्यात संशोधन केंद्र उभे राहिले होते. सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या अभियंत्यांनी तेथेच ४०७चा आराखडा रचला. १९८६मध्ये ती बाजारात आली आणि काही वर्षांतच आपल्या वर्गात अग्रस्थानी पोहोचली.

५/ येथे आक्षेप येतो : हा विजय अभियंत्यांचा नव्हे, येनचा! सप्टेंबर १९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला आणि जपानहून येणारे सुटे भाग महागले, हे खरेच. परंतु येन वधारल्याने पुण्यात आराखडा तयार होत नसतो. संधी दैवाने दिली असेल; ती साधण्याची सिद्धता वीस वर्षांची होती.

६/ पुढे ऑल्विन-निसान महिंद्रकडे गेली, डीसीएम-टोयोटा देवूच्या हाती. आयशर आणि स्वराज तगल्या. म्हणजे कोणी हरले, कोणी टिकले. बाजार असाच चालतो, आणि तो १९९१च्या आधीच चालला होता.

७/ परवाना-राज्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबलेली पिढी साक्षीला आहे. पण ‘सारे काही १९९१नंतर घडले’ असे म्हणणे म्हणजे पुण्याच्या आरेखन-मेजांवरील दोन दशकांचे श्रम पुसून टाकणे होय.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाने सोयीस्कर सनावळीवर विसंबू नये. सुमोच्या नावातील ‘सु’ आणि ‘मो’ ही सुमंत मुळगावकरांची आद्याक्षरे, हे अनेकांना ठाऊक असते. त्यांचे खरे स्मारक मात्र नेऱ्यासारख्या गावांतून माल वाहणारी ४०७ आहे. आणि तिच्यावर त्यांचे नाव नाही.