पाणी तपासलं, पण कशासाठी?

वस्तीत जुलाब-काविळीची साथ आली की आरोग्य खात्याची माणसं येतात, बाटलीत पाणी नेतात आणि काही दिवसांनी ‘पिण्यास योग्य’ असा कागद येतो. कागद खोटा नसतो. पण त्यात तपासलेले असतात जंतू. वस्तीमागे बॅटऱ्या फोडायचा किंवा क्रोम प्लेटिंगचा धंदा असला, तरी शिसं, क्रोमियम, निकेल यांचं त्यात नावही नसतं. जे तपासलंच नाही, ते पाण्यात नाही असं आपण धरून चालतो.

दुसरा घोळ पाण्याच्या मशीनवाल्यांचा. पेनासारखा मीटर बुडवून आकडा दाखवतात आणि बायका घाबरतात. तो टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा. आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१. शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी त्या मीटरला कळणार नाही. उकळूनही उपयोग नाही. जंतू मरतात, धातू तसाच राहतो. पाणी आटलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं. बोअरच्या पाण्यात पावडरचं दूध कालवणाऱ्या आईला हे आधी सांगा. शिशाचा मार लहान मुलांच्या मेंदूवर बसतो, रक्तही कमी होतं. पोर अभ्यासात मागे पडतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही त्याचं!

म्हणून अर्जात नुसतं ‘पाणी तपासावे’ लिहू नका. शेजारी कसला कारखाना आहे ते लिहा, धातूंची नावं घाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या; तिथे धातूंची सोय नसेल तर नमुना पुढे पाठवा, असं लेखी मागा. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कारण धातूंच्या नमुन्यात आम्ल घालावं लागतं. बोअर काही मिनिटं चालवून मग भरा. वस्तीतली दोन माणसं हजर ठेवा. कारखान्याच्या सांडपाण्याचे अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून माहिती अधिकारात मागता येतात.

वर्गणी काढून विहारात आरओ बसवू, असाही सूर निघतो. बसवा, पोरांना तहानलेलं ठेवता येत नाही. पण मशीन आलं की अर्ज मागे पडतो, आणि घाण करणाऱ्याचा खर्च आपल्या वर्गणीतून जातो. हे मला मान्य नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क बजावला. त्याच महाडला आज रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. पाण्यात काय आहे हे विचारणंही त्याच हक्कात येतं.

अहवाल आला की विहाराच्या फळ्यावर लावा, शेजारी मर्यादा लिहा: शिसं ०.०१, एकूण क्रोमियम ०.०५, कॅडमियम ०.००३. जास्त निघालं तर त्याच दिवशी बोअरवर ‘पिण्यासाठी नाही’ असं रंगवा आणि नगरपालिकेकडे टँकरचा अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.