जोडीदार कोठे आहे?

चिलीच्या अध्यक्षपदी होसे आन्तोनियो कास्त यांची १४ डिसेंबर २०२५ रोजी निवड झाली, तेव्हा चर्चा झाली ती गुन्हेगारीची आणि स्थलांतरितांची. मतदारांनी कौल दिला तोही प्रामुख्याने याच प्रश्नांवर. तथापि या निकालाने एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे, आणि तो त्या देशातील एका नृत्याशी निगडित आहे.

क्वेका हे चिलीचे लोकनृत्य. स्त्री व पुरुष हातरुमाल फिरवीत एकमेकांभोवती फिरतात, जवळ येतात, दुरावतात. भोवतीची मंडळी टाळ्यांनी ठेका धरतात. निव्वळ प्रेक्षक असा येथे कोणी नसतोच. ८ मार्च १९७८ रोजी सांतियागोच्या काउपोलिकान नाट्यगृहात, महिला दिनाच्या समारंभात, हे नृत्य जोडीदाराविना सादर झाले. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे पती, मुलगे, भाऊ पकडून नेले गेले आणि परतले नाहीत, त्या स्त्रियांचे ते नृत्य होते. बेपत्ता माणसाचे छायाचित्र छातीवर टाचलेले, पावले नेमकी, समोरची जागा रिकामी. टाळी वाजविणाऱ्याला ‘जोडीदार कोठे आहे?’ हा प्रश्न टाळता येत नसे. प्रेक्षकाने नाट्यात उतरले पाहिजे, हा सिद्धान्त ब्राझीलचे ऑगस्तो बोआल त्याच दशकात हद्दपारीत मांडीत होते. या स्त्रियांना त्यासाठी सिद्धान्ताची गरज भासली नाही. पुढच्याच वर्षी पिनोशे राजवटीने क्वेकाला राष्ट्रीय नृत्य म्हणून घोषित करावे, हा दैवदुर्विलासच!

त्या नृत्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, एप्रिल १९७८ मध्ये, राजवटीने स्वतःच्याच माणसांना माफी देणारा हुकूम काढला. ११ सप्टेंबर १९७३ ते १० मार्च १९७८ या काळातील गुन्हे त्याने पुसून टाकले. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली यातून वाट काढली. नाहीसा झालेला माणूस वा त्याचा मृतदेह सापडत नाही तोवर अपहरण चालूच आहे, सबब माफी लागू नाही, असे ते तर्कशास्त्र. त्या रिकाम्या जागेचा अर्थ न्यायालयाला सव्वीस वर्षांनी उमगला म्हणावयाचे.

१९८८ च्या सार्वमतात पिनोशेविरोधकांना दूरचित्रवाणीवर रोज पंधरा मिनिटे मिळाली. त्यांत या स्त्रियांनी आपले नाव व बेपत्ता माणसाशी असलेले नाते सांगितले आणि त्या नाचल्या. सुमारे ५६ टक्के मतदारांनी पिनोशेंना नकार दिला. विद्यार्थी असलेले कास्त त्या प्रचारात दुसऱ्या बाजूस होते. पिनोशे हयात असते तर त्यांनी आपल्यालाच मत दिले असते, असे ते २०१७ मध्येही म्हणाले होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये अध्यक्ष बोरिक यांनी बेपत्तांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, तेव्हा १,४६९ जणांपैकी अवघ्या ३०७ जणांचा छडा लागला होता. तोवर शोधाचा भार बव्हंशी नातेवाइकांनीच वाहिला होता. जुन्या जखमा उकरू नयेत, समेट व्हावा, असे उजव्या पक्षांचे म्हणणे असते. समेटाला कोणाचा विरोध असणार? परंतु प्रेत कोठे पुरले हे ठाऊक असणाऱ्याने मौन पाळावे आणि विधवेने समेट करावा, हा न्याय एकतर्फी आहे. शिवाय ही योजना अस्तित्वात आली ती सरकारी हुकुमाने, संसदेच्या कायद्याने नव्हे. ती मोडण्यासाठी गाजावाजा करण्याचीही गरज नाही. अर्थसंकल्पातील तरतूद आटविली आणि लष्कराचे दप्तर बंद राहिले, की काम भागते. १९७८ च्या पिढीतील अनेक स्त्रिया उत्तर न मिळताच गेल्या. साक्षीदार आणि आरोपीही वृद्ध झाले आहेत.