आपल्या मुलांच्या हाती कोणाची चरित्रे द्यावीत?

शेतकऱ्याचे पोर वाचावयास शिकले म्हणजे आपले काम संपले, अशी आमच्या खेड्यापाड्यांतून समजूत आहे. मूल सही करू लागले, सातबाराचा उतारा वाचू लागले, दुकानदाराची चिठ्ठी ताडून पाहू लागले की आईबाप निश्चिंत होतात. हे सारे उपयोगाचे आहे, यात शंका नाही. परंतु वाचता येणे ही झाली बैलजोडी. ती कोणत्या बांधीत घालावयाची हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार फार थोडे करितात. आमच्या नागभीडकडील गावांत बारा-चौदा वर्षांच्या मुलास, शाळेच्या पुस्तकांवाचून दुसरे काय वाचलेस, असे विचारून पाहावे. बहुतेक मुले खाली मान घालतात. जे बोलतात ते मोबाइलवर पाहिलेल्या नटाचे नाहीतर एखाद्या कोट्यधीशाचे नाव घेतात. तो कोट्यधीश कोठे जन्मला, त्याच्या पदरी किती राबले, हे त्यांस ठाऊक नसते. त्याची मोटार तेवढी ठाऊक असते.

आमचे म्हणणे असे की, मुलाला वाचता येऊ लागताच त्याच्या हाती थोर माणसांची चरित्रे द्यावीत. परीकथेतला राजपुत्र मुलाला घटकाभर रिझवितो. चरित्रातला माणूस तसा नसतो. तो खराखुरा जन्मला, उपाशी राहिला, लोकांनी त्याला हसले, तो पडला आणि पुन्हा उठला. ते वाचून मुलाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: हा माणूस करू शकला, मग मला काय धाड भरली आहे? हा प्रश्न ज्या घरात एकदा शिरला, त्या घराची पुढली पिढी मागल्या पिढीसारखी राहत नाही.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. जोतीराव फुले तरुण असताना त्यांनी व त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांनी शिवाजीमहाराज व अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रे वाचली. माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणाचा मुलगा जोडीने वाचीत होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे 1848 मध्ये जोतीरावांनी पुण्यास मुलींची शाळा काढली, 1869 मध्ये शिवाजीराजांचा पवाडा लिहिला आणि 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केले. कोवळ्या वयात वाचलेले दोन मुलखांचे वीर त्यांच्या हातून असे पुन्हा बाहेर आले.

दुसरा दाखला तर आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोचतो. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे कोकणातील केळूस गावचे मराठा गृहस्थ मुंबईस विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी 1898 मध्ये गौतम बुद्धाचे चरित्र मराठीत प्रसिद्ध केले. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेत केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. त्या पुस्तकाने आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेविले आहे. केळूसकर भेट देऊन थांबले नाहीत. त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून या मुलाच्या कॉलेजच्या शिक्षणाची सोय लाविली. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास आणि 16 ऑक्टोबर रोजी आपल्या चांद्यास लाखो लोकांनी बुद्धाचा मार्ग धरिला. त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण म्हणजे एका मास्तराने शाळकरी पोराच्या हाती ठेवलेले एक पुस्तक. लग्नात भांडी, बारशात झबली आणि वाढदिवसास केक देणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी या भेटीचा विचार करावा.

कोणी म्हणेल, मास्तर, चरित्रे वाचून धानाला भाव मिळतो काय? रोवण्याच्या दिवसांत पोर पुस्तक घेऊन बसले तर पऱ्हे कोण उपटणार? याचे उत्तर सरळ आहे. रोवणा बारा महिने चालत नाही. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटके होतात. तिकीट काढून, रात्र जागून सारे घर पाहते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. नाटक ही आपली कमाई आहे. परंतु एका घराच्या तिकिटांत एक-दोन लहान पुस्तके सहज येतात, आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून निघून जात नाही. राहता राहिला भाव. ज्याला आपण कोण, आपले पूर्वज कोण, कोणी कसा अन्याय सोसला व मोडला हे ठाऊक नाही, तो बाजारात भाव मागावयासही उभा राहत नाही; मिळेल ते घेऊन परततो.

आता कोणती पुस्तके, ते सांगतो.

पहिले अर्थात जोतीरावांचे. जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 रोजी वारले आणि त्यांचे पहिले भरीव चरित्र निघावयास 1927 साल उजाडले. ते लिहिणारे पंढरीनाथ पाटील हे आपल्याच वऱ्हाडातील, बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. सदतीस वर्षे हा माणूस आपल्या लोकांत पुस्तकावाचून राहिला. आपली माणसे आपण लिहिली नाहीत तर ती कशी विसरली जातात, याचा हा धडा आहे. मोठ्या मुलांनी पाटलांचे पुस्तक मिळाल्यास ते वाचावे. नाहीतर धनंजय कीर यांचे वाचावे. कीरांनी बाबासाहेबांचेही चरित्र लिहिले आहे आणि राजर्षी शाहूमहाराजांचेही. ही तिन्ही जाड पुस्तके आहेत. नववी-दहावीच्या मुलाने हिवाळ्यात एकेक घ्यावे. शाहूमहाराजांचे वाचताना 26 जुलै 1902 चा तो हुकूम मुलांस समजावून द्यावा, ज्याने कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेविल्या गेल्या. राजवाड्यात जन्मलेला माणूसही न्यायाची बाजू घेऊ शकतो, हे मुलांस कळले पाहिजे. द्वेष शिकविण्यासाठी चरित्र नसते.

मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, सावित्रीबाईंचे चरित्र. मा. गो. माळी यांनी ते मेहनतीने लिहिले आहे. शाळेत जाता-येता अंगावर शेण झेलणारी आणि 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता स्वतः त्याच रोगाने मेलेली ही बाई ज्या घरात वाचली जाईल, त्या घरात मुलीची शाळा सातवीनंतर सोडविताना बापाची जीभ अडखळेल.

गाडगेबाबांचे चरित्र प्रबोधनकार ठाकरे यांनी 1952 मध्ये लिहिले. परटाच्या घरी जन्मलेला, हातात खराटा धरणारा हा माणूस धर्मशाळा बांधीत गेला, पण स्वतःसाठी झोपडी बांधिली नाही. कारागिराच्या घरी हे पुस्तक असावेच. हातात खराटा, हातोडा किंवा धोटा असणे ही लाज नव्हे, हे मुलाला बापाच्या तोंडून पटत नाही, पुस्तकातून पटते.

परदेशचे एक सांगतो. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक 1981 मध्ये निघाले. जॉर्ज कार्व्हर अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मला. तो तान्हा असताना लुटारूंनी मायलेकरांस पळविले; मूल परत मिळाले, आई कधीच मिळाली नाही. लोकांची धुणी धुऊन, स्वयंपाक करून तो शिकला आणि 1896 मध्ये बुकर वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी येथील संस्थेत गेला. कापूस पेरून पेरून तेथील जमीन निकस झाली होती. कार्व्हरने निग्रो शेतकऱ्यांस भुईमूग व रताळी लावावयास शिकविले, आणि जे शेतकरी संस्थेत येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी गाडीवर शाळा घालून तो गावोगाव पाठविली. शेतकऱ्याच्या मुलाने हे पुस्तक वाचले म्हणजे माती ही अडाण्याची नसून विद्वानाची वस्तू आहे, हे त्याला उमगते.

परंतु प्रत्येक चरित्र चांगले असते असे नाही. ज्या पुस्तकात थोर पुरुष जन्मतःच थोर असतो, पाळण्यात बोलतो, चमत्कार करितो, ते मुलाच्या कामाचे नाही. मूल म्हणते, तो अवतार होता, आपण माणसे. आणि पुस्तक मिटते. ज्यात केवळ पैसा मिळविण्याची युक्ती आहे, तेही नको. ज्यात दुसऱ्या जातीला वा धर्माला शिव्याच आहेत, तेही नको. चांगल्या चरित्राची खूण एकच: त्यात तो माणूस कोठे कोठे अडला, कोणी हात दिला आणि कोणी पाय ओढला, हे नीट सांगितलेले असते.

आता जे सांगावयाचे आहे ते या साऱ्याहून जवळचे आहे. बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात 21 ऑक्टोबर 1858 रोजी फाशी दिले. गोंड जमीनदाराचा हा मुलगा 1833 मध्ये जन्मला होता. म्हणजे वय अवघे पंचवीस. त्याने गोंड-माडिया तरुण गोळा करून इंग्रजांशी लढाई मांडिली. आपली मुले झाशी व मीरत घोकतात. चांद्याचा हा तरुण त्यांस विचारावा तर निम्मी वर्गखोली गप्प.

आणि त्याहून जवळचे सांगू? नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरी, जमीन दीड एकर. 1983 मध्ये 'पटेल 3' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबे वेगळी, पिवळसर दिसली. दुसऱ्याने ती कापून चुरण्यात टाकिली असती. दादाजींनी ती जपून ठेविली, दुसऱ्या वर्षी निराळी पेरली, पुन्हा निवडली, पुन्हा पेरली. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला एका व्यापाऱ्याने त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव दिले. तो तांदूळ आज कित्येक प्रांतांत पिकतो व शिजतो. दादाजींनी पुढे डीआरके, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा असे आणखी वाण काढिले. कृषी विद्यापीठाने 1998 मध्ये याच धानापासून पीकेव्ही-एचएमटी नावाचे वाण प्रसारित केले. श्रेय कोणाचे यावर वाद झाला, तो अनेकांस ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते 2005 मध्ये दादाजींचा गौरव झाला. पण घरची ओढाताण सुटली नाही, आणि 3 जून 2018 रोजी ते वारले तेव्हा अखेरच्या आजारात औषधपाण्याची विवंचना त्यांच्या कुटुंबास होतीच.

वाचकहो, कार्व्हरचे पुस्तक मुलास द्या, असे आम्ही वर म्हटले. पण आमच्या तालुक्यातला कार्व्हर ज्या धुऱ्यावरून चालला, त्याच धुऱ्यावरून शाळेत जाणारी मुले रोज त्याचा भात खातात आणि त्याचे नाव जाणत नाहीत. जोतीरावांस चरित्र मिळावयास सदतीस वर्षे लागली. दादाजींसाठी तितकी वाट पाहावयाची काय? ज्यांनी त्यांच्यासोबत बांधी तुडविली, ती माणसे आज आहेत; उद्या नसतील.

यास्तव आमच्या सूचना थोड्या आहेत. एक, गावातील शिकलेल्या पोरांनी म्हाताऱ्यांजवळ बसून आपल्या गावच्या कर्त्या माणसांची हकीकत वहीत उतरून घ्यावी: शेतकरी, सुतार, कोष्टी, ढीवर, सुईण, कोणीही असो. साल, गाव, नाव नीट लिहावे. ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवावे. दोन, 3 जानेवारी, 14 एप्रिल, 26 जून, 21 ऑक्टोबर, 28 नोव्हेंबर या दिवशी फोटोला हार घालून पांगू नये. त्या त्या माणसाच्या चरित्राची दहा पाने एका मुलाकडून चावडीवर मोठ्याने वाचवून घ्यावीत. ज्या आईबापांस अक्षर येत नाही, तेही मग वाचणारे होतात. तीन, शाळेतील पुस्तकांची पेटी कुलपात राहू नये. पुस्तक फाटेल, ही भीती आम्हांस ठाऊक आहे. पण फाटलेले पुस्तक निदान कोणीतरी उघडलेले असते. चार, लहान मुलांस वाचता येत नसेल तर आईने, आजीने ही चरित्रे जेवणानंतर गोष्टीसारखी सांगावीत.

बियाणे घरचे असले तरी ते निवडावे लागते, हे धान पिकविणाऱ्यास सांगावयास नको. दादाजींनी हजारो लोंबांतून ती वेगळी लोंबे ओळखिली, कारण त्यांची नजर पिकावर होती. आपली नजर आपल्या मुलांवर तशी आहे काय, एवढे प्रत्येक घराने आज रात्री स्वतःस विचारावे, आणि येत्या बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीच्या पिशवीत एक चरित्र घालून आणावे.