खालूंचे गोदाम

शारजाला पुतण्याकडे गेलो की आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस बाजार, एक दिवस समुद्र आणि बाकीचे दिवस दापोली-मंडणगडकडच्या ओळखीच्या घरी जेवणे. यंदा मुलीने हट्ट धरला, अल कूझ पाहायचे. पुतण्या हसला, "तिथं काय बघणार? गॅरेजं, गोदामं आणि कामगारांच्या खोल्या." सोबत आलेले खालू काहीच बोलले नाहीत. त्यांनी त्याच अल कूझमध्ये बावीस वर्षे ट्रक चालवला, एवढे आम्हाला ठाऊक होते. त्यापलीकडे आम्हाला काहीच ठाऊक नव्हते.

अल कूझ हा दुबईच्या शेख झायेद रस्त्यालगतचा औद्योगिक भाग. त्यातच अलसरकाल अव्हेन्यू आहे. चित्रे मांडायला उंच छत, मोकळी जागा आणि परवडणारे भाडे लागते. ते गोदामात मिळते. म्हणून 2005 च्या सुमारासच काही कलादालने इकडे वळली होती. पुढे अब्दुलमोनेम अलसरकाल यांनी आपल्या घराण्याच्या गोदामांमध्ये दालनांना जागा द्यायला सुरुवात केली. 2015 मध्ये शेजारच्या संगमरवराच्या कारखान्याच्या जागेवर विस्तार झाला. विशेष म्हणजे नव्या इमारतीही गोदामाच्याच घाटाच्या केल्या. आता तिथे दालने आहेत, नाटकाची जागा आहे आणि 2018 पासून 'सिनेमा अकील' हे छोटे चित्रपटगृह आहे. 2019 साली सुरू झालेले 'इशारा' हे दालन तर आपल्या दक्षिण आशियातल्या कलाकारांसाठीच आहे.

खरे सांगायचे तर आम्ही जरा नाक मुरडतच गेलो होतो. मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मॉल आले, आणि फिनिक्सची चिमणी तेवढी शोभेला उभी राहिली. जिथे घाम गाळला तिथे आता कॉफी प्यायची, ही गोष्ट आम्हाला अजून पचत नाही.

शनिवारी दुपारी पोहोचलो. राखाडी पत्र्याच्या भिंती, रुंद गल्ल्या, मोठाली दारे. आत शिरायची वेळ आली तेव्हा खालू बाहेरच थांबले.

"तिकीट किती?" त्यांनी विचारले.

"नाही नाना, फुकट आहे," मुलगी म्हणाली.

"मग जा तुम्ही. मी इथे सावलीत बसतो."

त्यांचा अडसर तिकिटाचा नव्हता. बावीस वर्षांत या भागात ते कधी कामाविना कुठल्या दारातून आत गेले नव्हते. खालाने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि काही न बोलता आत नेले.

पहिल्या दोन दालनांत ते हात मागे बांधून फिरले. तिसऱ्यात जुन्या गोण्या शिवून केलेला एक मोठा पडदा टांगला होता. खालू जवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "ही शिवण उलटी आहे. अशी शिवली तर उचलताना फाटते." तिथल्या मुलीला हिंदी येत होते. ती हसली नाही. तिने विचारले, "मग कशी शिवतात?" आणि खालूंनी तिला हवेत बोटे फिरवून दाखवले. चित्रांविषयी आम्ही काढलेली सगळी वाक्ये त्यापुढे फिकी होती.

मग 'काँक्रीट' नावाच्या इमारतीपाशी आलो. रेम कूलहास यांच्या ओएमए या संस्थेने जुनी गोदामे जोडून ती घडवली आणि 2017 मध्ये ती खुली झाली. बाहेरच्या भिंतींवर फवारलेल्या काँक्रीटमध्ये काचेचे आणि आरशाचे तुकडे आहेत, ते उन्हात चमकतात. समोरची बाजू अर्धपारदर्शक प्लास्टिकची, आणि आतल्या अजस्र भिंती सरकतात, फिरतात. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या 2019 च्या अंतिम यादीत ती होती. खालूंना यातले काही सांगितले नाही. ते दारांची उंची बघत होते.

"ट्रक सरळ आत येईल," ते म्हणाले. "आमच्या वेळी बाहेरच उतरवायला लागायचं. एकदा संगमरवराची लादी निसटली. कुणाला लागलं नाही, अल्लाहचे उपकार. पण लादीचे तीन तुकडे झाले."

"मग?" मुलीने विचारले.

"मग काय. तीन महिने पगारातून कापले."

ही गोष्ट आम्ही कुणीच ऐकलेली नव्हती. आम्हाला त्यांची माहिती होती ती दर महिन्याच्या ड्राफ्टची, गावातल्या पक्क्या घराची, दर दोन वर्षांनी उघडणाऱ्या बॅगेची. चुलीपाशी, ओटीवर, कधी कुणी विचारलेच नव्हते की तिकडे दिवस कसा जातो.

परतताना कॉफीचा भाव पाहून खालूंनी रुपयांत हिशोब केला आणि पुतण्याला गाडी पुढे घ्यायला सांगितली. दोन वळणांवर एक जुने कॅफेटेरिया अजून होते. गाडीतच कडक चहा आला. खाला बराच वेळ गप्प होती. तिने ग्लास हातातच धरून ठेवला होता.

"ती लादी रमजानात फुटली होती ना?" तिने विचारले.

खालू खिडकीबाहेर बघत राहिले.

"त्या ईदला पोरांचे कपडे आले नव्हते. पार्सल हरवलं असं लिहिलं होतं तुम्ही."