विश्लेषण : ‘फ्लेमप्रूफ’ उपकरण म्हणजे नक्की काय? प्रमाणपत्र असूनही धोका का उरतो?

पेट्रोल पंपावर ‘मोबाइल वापरू नका’ ही पाटी आणि तिच्याच शेजारी यूपीआयचा क्यूआर कोड, हे दृश्य आता कुणाला खटकत नाही. प्रत्यक्षात मोबाइलच्या ठिणगीने पंपावर आग लागल्याची खात्रीशीर उदाहरणे सापडणे कठीण. स्थिर विजेचा धोका त्याहून मोठा मानला जातो. तरीही पाटी अनाठायी नाही. पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रातील मोटर, स्विच आणि दिवा यांची स्फोटक हवेत चालण्याची चाचणी झालेली असते. खिशातल्या फोनची ती झालेली नसते. रासायनिक कारखाने, औषध कंपन्या, साखर कारखान्यांचे मद्यार्क प्रकल्प, गॅस भरणा केंद्रे अशा हजारो ठिकाणी ही चाचणी आणि तिचे प्रमाणपत्र हाच ठिणगी आणि स्फोट यांच्यातला पडदा असतो. हा पडदा नेमका कुठे फाटतो?

हवा ‘स्फोटक’ कधी होते?

ज्वलनशील वाफ, प्राणवायू आणि ठिणगी या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात आणि वाफेचे प्रमाण ठरावीक मर्यादेत असावे लागते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते. हायड्रोजनची मर्यादा मात्र ४ पासून थेट ७५ टक्क्यांपर्यंत. वाफ आणि हवा पूर्णपणे दूर ठेवणे बहुतेक कारखान्यांत शक्य नसते. म्हणून सारा भर ठिणगीवर येतो. साधा स्विच दाबला तरी आत बारीक ठिणगी पडते, घरात ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा धडा खाणींनी दिला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिथ कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार मृत्युमुखी पडले. इशारा देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या घंटीच्या उघड्या तारांवर संशय घेतला गेला. कारण निर्विवाद सिद्ध झाले नाही, पण किती क्षीण ठिणगी वायूला पेटवू शकते, याचे पद्धतशीर संशोधन अशा दुर्घटनांनंतरच वेगाने झाले.

‘फ्लेमप्रूफ’ पेटीत वायू शिरत नाही का?

शिरतो. इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. कारखान्यात ‘एफएलपी’ म्हणून ओळखली जाणारी जाड ओतीव धातूची पेटी हवाबंद नसते. आत वायू जाणार, ठिणगी पडणार आणि आतल्या आत छोटा स्फोट होणार, हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. पेटीने तो दाब सोसायचा असतो. झाकण आणि पेटी यांच्यातल्या अरुंद, लांब फटीतून तप्त वायू बाहेर पडताना इतके थंड व्हावे लागतात, की बाहेरची वाफ पेटू नये. त्या फटीवर सगळे अवलंबून. प्रमाणित प्रयोगात मिथेनची ज्वाला १.१४ मिलिमीटरपर्यंतच्या फटीतून पुढे सरकत नाही. हायड्रोजनसाठी तो आकडा ०.२९ मिलिमीटर आहे. प्रत्यक्ष उपकरणात फट याहूनही कमी ठेवतात.

प्रयोगशाळेत पेटी वायूने भरतात, ती वायूनेच भरलेल्या कक्षात ठेवतात आणि आतला वायू मुद्दाम पेटवतात. बाहेरचा वायू एकदाही पेटता कामा नये. दुसरी पद्धत याच्या नेमकी उलट. ‘इन्ट्रिन्सिकली सेफ’ उपकरणात वीज इतकी मोजून दिली जाते, की तार तुटली किंवा शॉर्टसर्किट झाले तरी ठिणगीत वायू पेटवण्याइतकी ऊर्जाच नसते. सेन्सर, वॉकीटॉकी, वायू मोजणारी यंत्रे यांना ती चालते. मोटर किंवा मोठा दिवा इतक्या कमी विजेवर चालत नाही, त्यामुळे पेटीला पर्याय राहत नाही.

पाटीवरची सांकेतिक भाषा काय सांगते?

अशा उपकरणावर ‘एक्स डीबी आयआयबी टी४’ असे काहीसे कोरलेले असते. ‘एक्स’ म्हणजे स्फोटक वातावरणासाठीचे, ‘डी’ म्हणजे फ्लेमप्रूफ. ‘आयआयबी’ हा वायूचा गट : प्रोपेनसारखे वायू ए गटात, इथिलिन बी गटात, हायड्रोजन आणि अॅसिटिलिन सी गटात. सी गटाचे उपकरण ए गटाच्या जागी चालते, उलट नाही. ‘टी४’ म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापणार नाही. ठिणगी न पडताही नुसत्या उष्णतेने वाफ पेटू शकते, म्हणून हे बंधन. पेट्रोलला टी३ म्हणजे २०० अंशांची मर्यादा पुरते. इथर २०० अंशांच्या आतच पेटते, त्याला टी४ लागते. कार्बन डायसल्फाइड तर सुमारे ९० अंशांवर पेट घेते, तिथे ८५ अंशांचे टी६च हवे. थोडक्यात, नुसते ‘फ्लेमप्रूफ आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कशासाठी फ्लेमप्रूफ, हे विचारावे लागते.

भारतात प्रमाणपत्र कोण देते?

पेट्रोलियम, स्फोटके आणि दाबाखालील वायूंसाठी ‘पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना’ अर्थात पेसो. तिचे मुख्यालय नागपुरात आहे आणि १८९८ पासूनचा स्फोटके विभाग हे तिचे मूळ. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार धोक्याच्या क्षेत्रात बसवायच्या विद्युत उपकरणाला मुख्य स्फोटके नियंत्रकांची मान्यता लागते. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते; धनबादची केंद्रीय खनन आणि इंधन संशोधन संस्था त्यांपैकी जुनी. खाणींचा कारभार खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहे. परदेशी उपकरणाकडे युरोपचे अॅटेक्स किंवा आंतरराष्ट्रीय आयईसीएक्स प्रमाणपत्र असले, तरी त्याच्या आधारे पेसोची मान्यता वेगळी घ्यावी लागते. युरोपात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रासाठी उत्पादकाचे स्वतःचे घोषणापत्रही चालते, हे आयात करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

मग प्रमाणपत्र असूनही धोका का?

कारण प्रमाणपत्र मिळते ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या, नव्या, सगळे बोल्ट जागेवर असलेल्या उपकरणाला. त्यानंतर त्याचा संसार सुरू होतो. एखाद्या शटडाउनमध्ये कंत्राटी वायरमन झाकण उघडतो, सोळापैकी अकराच बोल्ट परत लावतो. उरलेले सापडत नाहीत, काम तर आटोपायचे असते. पावसाचे पाणी आत जाते म्हणून कुणी झाकणाखाली रबराची गास्केट कापून बसवतो किंवा एम-सील फासतो. हेतू चांगलाच, पण ज्या धातूच्या फटीत ज्वाला विझायची, तीच बिघडते. दिवाळीआधी रंगकाम निघते आणि सांध्यावर रंगाचे थर चढतात. नवी केबल टाकताना जुने भोक तसेच उघडे राहते किंवा प्रमाणित ग्लँडऐवजी बाजारातला साधा ग्लँड पिळला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला पेटी तितकीच जाडजूड आणि पाटी तितकीच चकचकीत दिसते. एका उघड्या भोकाने प्रमाणपत्राचा कागद निरर्थक होतो.

मोटर जळाली की ती गावातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. तिथला कारागीर तारेच्या कामात तरबेज असेल. पण शाफ्टजवळची फट किती हवी, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. दुरुस्तीसाठी आणि तपासणीसाठी स्वतंत्र मानके आहेत आणि भारताने ती स्वीकारलेली आहेत. तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय दोन नियमित तपासण्यांमध्ये तीन वर्षांहून अधिक अंतर नसावे, असे तपासणीचे मानक सांगते. आयईसीएक्स पद्धतीत तर उपकरणाखेरीज दुरुस्ती करणाऱ्या कार्यशाळेला आणि काम करणाऱ्या व्यक्तीलाही प्रमाणपत्र मिळू शकते. भारतीय कारखान्यांत उपकरणाच्या कागदाची फाइल मागितली जाते; झाकण उघडणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाचा कागद क्वचितच कुणी मागतो.

किमतीचाही प्रश्न आहे. प्रमाणित दिवा साध्या दिव्याच्या कित्येक पट महाग. त्यामुळे दिसायला तसाच, पण चाचणीविना विकला जाणारा ‘एफएलपी टाइप’ माल लहान कारखान्यांच्या माथी मारला जातो. ‘टाइप’ या शब्दाने सारे सांगून टाकलेले असते.

धोक्याचे क्षेत्र कुठे संपते?

नकाशावर. जिथे वाफ सतत असते तो झोन शून्य, अधूनमधून असते तो झोन एक, गळती झाली तरच आणि थोडा वेळ असते तो झोन दोन. त्यापलीकडे साधी उपकरणे चालतात. ही रेघ नेहमीच्या, छोट्या गळतीचा हिशेब करून मारलेली असते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये तासाभराहून अधिक काळ पेट्रोल गळत राहिले आणि वाफेचा ढग त्या रेघेपलीकडे दूरवर पसरला. स्फोटात ११ जणांचा बळी गेला आणि आग ११ दिवस धुमसत होती. चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीने प्रशासकीय इमारतीतील फ्लेमप्रूफ नसलेली उपकरणे किंवा वाहन सुरू करताना पडलेली ठिणगी या शक्यता मांडल्या. कार्यालयातला पंखा किंवा दिवा फ्लेमप्रूफ असण्याची अपेक्षा कोणताच नियम करत नाही. अशा वेळी खरे संरक्षण गळती ओळखणाऱ्या यंत्रणेचे आणि झडप दुरून बंद करण्याच्या सोयीचे असते. प्रमाणित पेटी तिथे फारशी कामाची नाही.

हायड्रोजनमुळे काय बदलेल?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य आहे. हायड्रोजनवर चालणारी स्वदेशी बस पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्येच दाखवण्यात आली होती. हायड्रोजन पेटायला मिथेनच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतकी ऊर्जा पुरते. पेट्रोल किंवा सीएनजीच्या आवारात वर्षानुवर्षे बिनधोक चाललेले ए गटाचे उपकरण तिथे उपयोगाचे नाही. शिवाय पेट्रोल आणि एलपीजीची वाफ जड, ती खड्ड्यांत आणि गटारांत साचते. हायड्रोजन हलका, तो थेट छताखाली जाऊन बसतो, नेमका दिव्यांपाशी. म्हणजे जुन्या पंपावर हायड्रोजन विकायचा तर उपकरणांइतकेच झोनचे नकाशेही नव्याने काढावे लागतील.

धुळीचे काय?

साखर, पीठ, स्टार्च, औषधांची भुकटी यांची बारीक धूळही हवेत उडाली की स्फोटक ठरते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील एका साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीने १४ कामगारांचा जीव घेतला. तेलंगणातील पाशमैलारम येथे ३० जून २०२५ रोजी ज्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार दगावले, तिथे सेल्युलोजची बारीक भुकटी तयार होत असे. धुळीसाठी उपकरणांचा वेगळा गट आणि २०, २१, २२ असे वेगळे झोन आहेत. वायूसाठीची पेटी धुळीत आपोआप चालत नाही. मोटरवर बसलेला धुळीचा थर पांघरुणासारखा उष्णता कोंडून ठेवतो आणि पाटीवरचा तापमानाचा आकडा खोटा ठरतो. पेट्रोलियम नियमांचा रोख वाफेवर असल्याने साखर कारखाना किंवा पीठगिरणीतली धूळ पेसोऐवजी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीवर सोडलेली आहे. तिथे निरीक्षकाच्या हाती सर्वांत साधी खूण असते : मोटरवरून बोट फिरवल्यावर बोटाला किती धूळ लागते.