दोन्ही नकोत, एकच घ्या

‘खमरा घेऊ की कहवा?’ हा प्रश्न हल्ली कॉलेजातल्या पोरांपासून बँकेत काम करणाऱ्या बाईंपर्यंत कुणीही विचारतं. दोन्ही परफ्यूम संयुक्त अरब अमिरातीतल्या लताफा या कंपनीची. खमरा आलं २०२२ साली आणि त्याचं धाकटं भावंड खमरा कहवा २०२३ मध्ये. शंभर मिलीची जड, पैलूदार बाटली, हातात घेतली की किंमत आहे त्याच्या दुप्पट वाटावी अशी. प्रत्यक्षात आपल्याकडे एकेक बाटली तीन हजारांच्या आगेमागे मिळते, दुकानाप्रमाणे कमीजास्त. तेवढे पैसे साठवून घेता येतात, आणि म्हणूनच लोक एकीवर थांबत नाहीत. एक आवडलं की दुसरंही मागवतात.

तिथेच थांबा, एवढंच माझं म्हणणं आहे. आधी हिशेब बघा. स्प्रेचं बटण एकदा दाबलं की साधारण ०.१ मिली बाहेर पडतं, म्हणजे शंभर मिलीत हजारेक फवारे. ही दोन्ही कडक परफ्यूम आहेत, एका वेळी दोन फवारे पुरे होतात. रोज दोन म्हटले तरी एक बाटली पाचशे दिवस चालेल. आता हे रोज कुणी लावत नाही, लावूही नये (त्याचं कारण पुढे सांगते). लग्न, दिवाळी, थंडीतली एखादी संध्याकाळ एवढ्यापुरतं वापरणाऱ्याला एक बाटली कित्येक वर्षं पुरेल. दोन घेतल्या तर त्या कपाटात पडून राहणार.

दोघांत काय आहे ते आता पाहू. परफ्यूमवाले या जातीला ‘गुरमाँ’ म्हणतात, म्हणजे खाण्याच्या पदार्थांची आठवण करून देणारा वास. या जातीला बाजारात खरी जागा मिळवून दिली ती १९९२ साली आलेल्या म्युगलरच्या ‘एंजल’नं. ऑलिव्हिए क्रेस्प या गंधकारानं त्यात एथिल माल्टॉल सढळ हातानं घातलं. जत्रेत काडीवर गुंडाळून मिळणाऱ्या गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’चा जो वास, तो याच रसायनाचा. तेव्हापासून साखर, चॉकलेट, व्हॅनिला, कारमेल यांनी बाटल्यांत जे घर केलं ते आजतागायत. खमरा आणि कहवा त्याच घराण्यातली, फक्त मसाल्याच्या डब्याशी जास्त सलगी असलेली.

खमरामध्ये कंपनी सांगते ते घटक असे: वर दालचिनी, जायफळ आणि बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातलं फळ, मध्ये खजूर, प्रालीन म्हणजे साखरेत परतलेला सुकामेवा, आणि निशिगंध, तळाशी व्हॅनिला, टोंका बी, बेंझोइनची राळ आणि हिराबोळ. कहव्यात दालचिनी आहेच, पण जायफळाच्या जागी वेलची आणि आलं आलंय. मध्ये प्रालीन, साखरेत मुरवलेली फळं, पांढरी फुलं; तळाशी व्हॅनिला, टोंका, बेंझोइन, कस्तुरीसारखा मस्क आणि कॉफी. आपल्याकडे लग्नाघरी पातेलंभर दुधाची कॉफी होते, तीत जायफळ-वेलची घालतात. त्या कॉफीतलं जायफळ खमरानं उचललं, वेलची आणि कॉफी कहव्यानं नेली, असं समजलं तरी नाकाला अर्धी ओळख पटते.

बाकीची अर्धी कागदावरून पटत नाही, ती हातावरच पटते. एखाद्या रविवारी जेवणाआधी दोन्हींचा एकेक फवारा घ्या, एका कोपराच्या आतल्या बाजूला खमरा, दुसऱ्या कोपराच्या आतल्या बाजूला कहवा. पहिलं मिनिट नाक दूर ठेवा, तेव्हा फक्त अल्कोहोल उडत असतं. मग वास घ्या. खमरा सरळ अंगावर येतं. खजुराचा घट्ट पाक, त्यावर दालचिनी, आणि मागे कसलीशी रमसारखी झिंग. काहींना हे पहिल्या श्वासात आवडतं, काहींना मळमळतं. मधलं मत फारसं ऐकू येत नाही. कहवा जरा सबुरीनं येतं. वेलची आधी, आल्याचा चटका मागोमाग, आणि मग भाजलेल्या कॉफीचा कडवटपणा, जो गोडाला धरून ठेवतो. ज्यांना गोड वासांचं वावडं आहे त्यांनाही कहवा सहन होतं, ते या कडवटपणामुळे. अर्थात कॉफीच्या दुकानात शिरल्यासारखा वास मिळेल अशी आशा ठेवू नका. कॉफी आहे ती चवीपुरती.

आता जेवा, वामकुक्षी घ्या, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा दोन्ही कोपर हुंगा. माझ्या नाकाला तरी इथे दोघांतलं अंतर निम्म्यावर येतं. खजूर विरलेला असतो, कॉफी मागे सरलेली असते, आणि दोन्हीकडे तीच व्हॅनिला, तोच टोंका, तीच राळ उरलेली असते. संध्याकाळी डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर खमरा थोडं जास्त गोड, थोडं जास्त जड, एवढाच धागा हाती लागतो. दुसऱ्या बाटलीचे तीन हजार म्हणजे या पहिल्या दोन तासांतल्या फरकाचे पैसे. ज्यांना तो फरक मोलाचा वाटतो त्यांनी खुशाल मोजावेत, पण कशाचे मोजतोय ते ठाऊक असावं.

दुकानात वास बघताना विक्रेता कागदाच्या पट्टीवर फवारा मारून देतो, आणि मधेच कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतो. पट्टी पहिल्या ओळखीपुरती ठीक, पण तुमच्या अंगाची ऊब आणि घाम तिच्यात नाही. कॉफीच्या बियांनी नाक ‘ताजं’ होतं हा मात्र दुकानांचा लाडका समज. प्रयोगात साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसलेला नाही. आणि कहवा हुंगण्याआधी कॉफीच हुंगायची, यात काय हशील? दुकानाबाहेर जाऊन दोन मिनिटं उभं राहिलेलं बरं. त्या दिवशी पैसे मात्र देऊ नका. हातावर वास घेऊन घरी या आणि रात्री ठरवा.

तरीही कोणतं, असं विचाराल तर माझं उत्तर तुम्ही राहता कुठे यावर आहे. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी, गोवा, इथली हवा वर्षातले बहुतेक महिने दमट आणि उकाड्याची. खजुराच्या पाकाचा वास घामात मिसळला की तो गोड राहत नाही, कुबट होतो. इथल्या लोकांनी घ्यायचंच असेल तर कहवा घ्यावं, आणि तेही एसीतल्या कार्यक्रमासाठी. पुणे, नाशिक, विदर्भ-मराठवाड्यात नोव्हेंबर ते जानेवारी संध्याकाळी हवेत खरा गारवा असतो. तिथे खमरा खुलतं. शालीला, लोकरीच्या कोटाला लागलेला त्याचा वास दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. लंडन-टोरांटोकडे राहणाऱ्यांनी तर डोळे मिटून खमरा घ्यावं, तिथल्या थंडीत ते अगदी हवं तेवढंच जाणवतं. जुने अत्तरशौकीन उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना लावायचे, ते उगाच नव्हे. ही दोन्ही हिन्याच्या ऋतूतली आहेत. मे महिन्यात ती कपाटातच बरी.

आणि लोकलमध्ये, वर्गात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, छोट्या केबिनमध्ये हात आवरता घ्या. आपलं नाक आपल्याच वासाला थोड्या वेळात सरावतं आणि मग तो येईनासा होतो. वास उडाला असं समजून लोक पुन्हा फवारा मारतात. शेजारच्याच्या नाकाला मात्र तो पहिल्याइतकाच येत असतो, वर दुसऱ्याची भर पडते. दमेकऱ्यांना, अर्धशिशीवाल्यांना अशा दाट गोड वासाचा फार त्रास होतो, आणि ते बिचारे तोंडावर बोलत नाहीत. लग्नात पाहुण्याच्या हाताच्या पाठीला अत्तराचं एक बोट लावायची आपली रीत आहे. मापाची अटकळ तेवढीच असू द्या. छातीवर शर्टाच्या आत एक फवारा, मानेच्या मागे एक, बास.

त्वचा नाजूक असेल त्यांनी आणखी जपावं. दालचिनीच्या वासामागे असतं ते सिनामाल्डिहाइड काहींच्या कातडीला खाज आणतं, म्हणून परफ्यूममध्ये ते किती घालावं यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत. कोपराच्या आत लावून दिवसभर काही झालं नाही, तरच मानेला लावा. पांढऱ्या कुडत्यावर किंवा रेशमी साडीवर थेट फवारू नका, व्हॅनिलावाल्या गडद द्रवाचा पिवळट डाग पडू शकतो.

आता ‘डुप’, म्हणजे महागड्या वासाची स्वस्त आवृत्ती, या शब्दाबद्दल थोडं. खमराची चर्चा होते तेव्हा किलियानच्या ‘एंजल्स शेअर’चं नाव निघतंच. किलियान हेनेसी हा कोन्याक नावाची ब्रँडी बनवणाऱ्या हेनेसी घराण्यातला, त्यानं २०२० साली हे परफ्यूम आणलं: कोन्याक, दालचिनी, ओकचं लाकूड, प्रालीन. त्याची पन्नास मिलीची बाटली दोनशे डॉलरच्या वर जाते. खमरात त्याची छाया दिसते हे खरं, पण खजूर त्याचा स्वतःचा आहे आणि एंजल्स शेअरमधला पिंपातल्या दारूचा कोरडेपणा खमरात नाही. ‘त्याच्यासारखं’ म्हणून घेतलंत तर दहा दिवसांनी हिरमुसाल. खमरा म्हणून आवडलं तरच घ्या.

एखाद्या वासावरून सुचलेला दुसरा वास विकणं आणि दुसऱ्याचं नाव छापून बाटली विकणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वासावर मालकी सांगता येते का, यावर युरोपातच एकमत नाही. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाकारला, आणि त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. नाव, बोधचिन्ह यांच्या नकलेबद्दल मात्र कुठेच दुमत नाही, ती फसवणूक. आणि गंमत अशी की महागड्याची स्वस्त आवृत्ती म्हणून गाजलेल्या खमराचेच आता नकली अवतार फिरतात. म्हणून खोक्यावरची चिठ्ठी वाचायची सवय लावा. भारतात रीतसर आयात झालेल्या परफ्यूमवर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणीचा क्रमांक आणि एमआरपी छापलेली असते. यातलं काही नसेल आणि भाव निम्मा असेल, तर आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाच माहीत. बिल मागा. बिल म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा उतरला, तर पुढच्या दुकानात चला.

कमी पैशात दोन्हींची हौस भागवायचीच असेल तर एक सरळ वाट आहे. मैत्रिणीनं एक घ्यावं, तुम्ही एक घ्या, आणि पाच-दहा मिलीच्या रिकाम्या स्प्रे-शिशा आणून एकमेकींना भरून द्या. पाच मिली म्हणजे पन्नासेक फवारे, एका हिवाळ्याला भरपूर. विकतही अशा छोट्या शिशा मिळतात, पण त्या भरणारा ओळखीचा असावा, कारण त्यावर कंपनीचं शिक्कामोर्तब नसतं.

बाटली घरी आली की खिडकीत किंवा न्हाणीघरात मांडू नका. दिसायला देखणी आहे हे मान्य, पण ऊन आणि वाफ हे दोन्ही वासाचे वैरी. खोक्यासकट कपाटात ठेवा. वर्षा-दोन वर्षांत आतला रंग आणखी गडद झाला तर बिघडलं म्हणून फेकू नका. व्हॅनिलातलं व्हॅनिलिन काळानुसार तपकिरी होतंच, वास शाबूत असेल तर बाटली शाबूत आहे.

आखातात नातेवाईक असलेली मंडळी भाऊजींना नाहीतर भाच्याला फोन करून ‘येताना ते खमरा आण’ एवढंच सांगतात. तसं करू नका. खमराच्या नावाखाली आता कहवा आहे, दुखान आहे, आणि खोकी घाईत सारखीच दिसतात. हव्या त्या खोक्याचा फोटो पाठवा, पूर्ण नाव लिहा, तिथल्या भावाची कमाल मर्यादाही सांगून ठेवा. आणि बाटली चेक-इनच्या बॅगेत, जाड कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगा. काच जड असली तरी ती काचच आहे.